खडक ऐकत झोपणारी माणसं

९ फेब्रुवारी

नोकरी गेली. रेडिओ स्टेशनच बंद झालं, म्हणजे माझ्या एकटीची नाही, सगळ्यांचीच गेली. त्यात काय समाधान असतं कोण जाणे, पण निरोपाच्या चहाला सगळे एकमेकांना तेच सांगत होते. इतकी वर्षं जाहिराती केल्या – साबण, पंखे, विमा, पुन्हा साबण. निघताना इंजिनिअरने भंगारात काढलेला एक माइक माझ्या पिशवीत टाकला. "घेऊन जा, नाहीतर फेकणारच आहेत."

नवरा म्हणाला, "बघू, होईल काहीतरी." घराला आग लागली तरी हा माणूस हेच म्हणेल.

१२ फेब्रुवारी

माइक चालतो का ते बघायला कोणीतरी बोलायला हवं होतं. नवरा ऑफिसात. सासूबाई म्हणाल्या, "मला नको बाई ते, माझा आवाज मला ऐकवत नाही." राहिले सासरे. बाबा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही कोणी विचारायचाच अवकाश. "काय बोलू?" म्हणाले. म्हटलं, काहीही, पाच मिनिटं.

चिखलाचा दगड कसा होतो ते सांगायला लागले. पाऊण तास! मी कपड्यांच्या कपाटाला टेकून, हेडफोन लावून बसले होते. आधी आवाजाची पातळी बघत होते. मग ते पावसाच्या ठशांवर आले. जुन्या चिखलाच्या दगडांवर थेंबांचे ठसे सापडतात म्हणे. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक सर आली, ओल्या चिखलावर खळगे पडले, वाळले, वर दुसरा थर बसला आणि ते तसेच राहिले. एक सर! बघायला माणूस नाही, भिजायला माणूस नाही, आणि त्या दिवशी पाऊस पडला होता हे आपल्याला ठाऊक आहे!

सबंध दिवस दुसरं काही सुचलं नाही.

१३ फेब्रुवारी

सासूबाईंनी हळूच विचारलं, "काल तू खरंच ऐकत होतीस? मी तर यांनी 'थर' म्हटलं की डोळे मिटते." मग भाजी निवडता निवडता सांगितलं. वर्गातही पोरं झोपायची. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. निवृत्तीच्या समारंभात पोरांनी सगळ्यांसमोर बाबांना भेट दिली. कागद उघडला तर आत उशी! सभागृह हसून लोटपोट. बाबाही हसले. घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

"ती उशी कुठेय?" मी विचारलं.

"मी देऊन टाकली. त्यांना सांगितलं हरवली."

२ मार्च

पॉडकास्ट सुरू झालाय. नाव 'थर', मीच ठेवलं. रोज सकाळी दहाला मागच्या खोलीत. खिडकीला जाड पांघरूण, भिंतींना दोन जुन्या गाद्या उभ्या, वरच्या मजल्यावरच्या बाईंना मिक्सर अकरानंतर लावायची विनंती (मान्य, पण तोंड वाकडं). बाबा इस्त्रीचा शर्ट घालून येतात. फक्त आवाज जाणार आहे हे मी बोलले नाही. टिपणं काढतात, घसा खाकरतात आणि सुरू. चढ नाही, उतार नाही, एकाच पट्टीत. आमच्या स्टेशनने या आवाजाला दारात उभं केलं नसतं.

ऐकणारे मोजके. त्यात मी, आणि नवरा – ऐकतो म्हणतो, पण खोटं बोलतोय.

२१ मार्च

काहीतरी झालंय! मोजक्यांचे हजारो झाले. कोणी कोणाला सांगितलं देव जाणे. आणि सगळ्यात अजब म्हणजे जो लावतो तो शेवटपर्यंत ठेवतो. रेडिओवर माणूस अर्ध्या मिनिटात दुसरीकडे पळतो, त्याला धरून ठेवायला आम्ही जिवाचा आटापिटा करायचो. इथे पाऊण तास खडक, आणि आकडेवारीतली रेघ टेबलासारखी सरळ. कोणी हलतच नाही!

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत, बाबा."

"वर्गात हजेरी झाली की अर्धी पोरं..." चष्मा पुन्हा काढून पुसायला लागले. जेवताना मात्र सासूबाईंना आपणहून म्हणाले, "विषय कंटाळवाणा नसतो. ऐकणारा भेटावा लागतो." सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

२३ मार्च

पत्रं आली. वाचली, पुन्हा वाचली.

हॉस्पिटलमधली एक नर्स : "रात्रपाळीमुळे दिवसा झोपच यायची नाही. तुमच्या सरांनी जीव वाचवला. सातव्या मिनिटापुढे काय असतं ते मला आजवर कळलेलं नाही." एक नवी आई : "बाळ 'गाळाचे खडक' म्हटलं की पेंगायला लागतं, पाठोपाठ मी." एक आजोबा : "बायको गेल्यावर पहिल्यांदा झोप लागली. आभार."

ऐकत नाहीत. झोपतात! बंद करायला जागं कोण असतं, म्हणून ती रेघ सरळ!

मी तोंडावर पदर धरून हसले, पोटात दुखेपर्यंत. मग उशी आठवली.

२४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. "बाबांना कळता कामा नये," म्हणाला. 'बघू' नाही, 'होईल' नाही. प्रथमच.

६ एप्रिल

ऐकणारे कुठे कुठे आहेत ते नकाशावर ठिपक्यांनी दिसतं. समुद्रापलीकडेही ठिपके आहेत. तिथवर गेलेली मराठी माणसं, परक्या घरात आडवी होऊन आमच्या मागच्या खोलीतला आवाज लावतात. मला आधी हे मजेशीर वाटायचं. आता बघताना अंगावर काटा येतो. झोपताना माणूस किती निर्धास्त व्हावा लागतो! दाराला कडी लावून, सगळ्यांकडे पाठ फिरवून मग झोपतो. आणि ही इतकी माणसं रोज बाबांच्या हवाली होतात.

पत्रं बाबांना वाचून दाखवते, गाळून. "तुमच्या सरांनी जीव वाचवला" एवढंच. बाबा म्हणाले, "जीव वाचवला? खडकांनी?" फार खूश होते.

१९ एप्रिल

पहिला जाहिरातदार! गाद्यांची कंपनी. मालकीणबाई स्वतः बोलल्या, अतिशय व्यवहारी. बाबांना कळेना. "गादीवाल्यांना खडकांत काय रस?"

मी बोलून गेले, "थर, बाबा. गादीतही थर असतात."

विचारात पडले. आणि आजच्या भागाची सुरुवात गादीने केली! कापसाचा थर खाली कसा दबतो, वरच्या भाराने हवा कशी निघून जाते, तसाच समुद्राच्या तळाशी गाळ. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम एक मिलिमीटर गाळ बसतो म्हणे. माझी नोकरी, नवऱ्याची पगारवाढ, सासूबाईंचे गुडघे, सगळं मिळून नखाएवढाही थर होणार नाही. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. उलट हलकं वाटलं.

मालकीणबाईंचा फोन : "कमाल केलीत हो तुम्ही! जाहिरात अशी असावी." मी म्हटलं, हो ना.

३ मे

घात केला. माझ्याच हाताने.

रेडिओचा शिरस्ता असा की जाहिरात कार्यक्रमाच्या मध्यावर टाकायची आणि आवाज थोडा चढा ठेवायचा, लक्ष वेधायला. इतक्या वर्षांची सवय, बोटांनी आपोआप केलं. विसाव्या मिनिटाला, बाबा संथ लयीत नदीच्या मुखाशी पोचलेले असताना, ढोल, ताशा आणि बाईचा किंचाळता आवाज – "या उन्हाळ्यात गाद्यांवर भव्य सूट!!"

हजारो माणसं एकाच आठवड्यात दचकून उठली. एक जण पलंगावरून पडला. बाळाची आई लिहिते, "तुमचं वाटोळं होवो." आणि मालकीणबाई म्हणतात, आमच्या गादीचं नाव आता लोकांना धडकी भरवतं. करार रद्द.

४ मे

रडले. सासूबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "चला, निदान जाहिरात लोकांनी ऐकली तरी."

८ मे

शिव्यांच्या पत्रांतच वाट सापडली. किती जणांनी लिहिलंय, "हवे तर पैसे घ्या, पण मध्ये बोलू नका." आमच्या धंद्यात आजवर बोलण्याचे पैसे मिळायचे. इथे लोक मध्ये न बोलण्याचे द्यायला तयार आहेत! सभासदत्व सुरू केलं. महिन्याची वर्गणी, जाहिरात शून्य.

३० जून

सगळा खर्च वजा जाऊन पैसे उरले. माझ्या जुन्या पगारापेक्षा जास्त. मी कागदाकडे बघत बसले, नवरा माझ्याकडे. गादीच्या मालकीणबाईही सभासद झाल्यात, आज कळलं. गुपचूप!

बाबांना त्यांचा वाटा दिला. त्यांनी त्यातून नवा शर्ट घेतला. दहाच्या कामासाठी.

१४ जुलै

मोठी उडी मारली आहे. दुपारची जाहीर बैठक! नृत्यशाळेचं लाकडी सभागृह, खुर्च्या काढून टाकायच्या, जमिनीवर गाद्या (मालकीणबाईंशी समेट), लोकांनी यायचं, आडवं व्हायचं, बाबा बोलणार. तिकिटं दोन दिवसांत संपली.

बाबांना सांगितलंय, व्याख्यान आहे. त्यांनी टिपणं काढायला घेतलीत. सांगायला हवं. दारातून आत येऊन तीनशे उशा बघितल्या तर? उद्या सांगते.

१७ जुलै

उद्या नक्की.

२० जुलै

उशीर झाला. बाबा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले होते. औषधाच्या दुकानदाराने हात जोडले म्हणे. "सर, तुमच्यामुळे माझ्या झोपेच्या गोळ्यांचा खप निम्म्यावर आला! आमच्या घरी सगळे तुमच्यावरच झोपतात."

घरी आले, चपला जागेवर ठेवल्या. "सगळे?" एवढंच विचारलं. मी मान खाली घातली. ती गाळलेली पत्रं त्यांनी मागितली, मी दिली. एकेक वाचलं, नीट गठ्ठा करून परत दिली. खोलीचं दार लावून घेतलं.

२१ जुलै

दहा वाजले. मी माइक लावून बसले. कोणी आलं नाही.

२६ जुलै

घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. बाबा जेवतात, पेपर वाचतात, माझ्याशी अगदी सभ्यपणे बोलतात. "मीठ दे." "आभारी आहे." ते 'आभारी आहे' मला चाबकासारखं लागतं. तिकिटाचे पैसे परत करायचा मजकूर लिहून ठेवलाय. पैशाचं काही नाही. म्हणजे आहे! खोटं कशाला लिहू? पण त्यांना दुसऱ्यांदा उशी दिली, आणि या वेळी मी दिली.

२९ जुलै

सासूबाईंनी कोंडी फोडली. जेवणाच्या टेबलावर, वाढता वाढता म्हणाल्या, "जन्मभर फुकट झोपवलंत. आता तिकीट लावून झोपवा की!"

नवऱ्याचा घास हातात राहिला. बाबांनी बायकोकडे रागाने बघितलं, बराच वेळ. मग मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं. आणि हसले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

नंतर मला म्हणाले, "तिकीट काढून आलेत ना? येऊ देत. त्यांना झोपायचं तर झोपू दे. मी झोपवणार नाही, मी शिकवणार. हे लक्षात ठेव."

"ठेवते, बाबा."

९ ऑगस्ट

आज जे बघितलं ते जमेल तसं लिहून ठेवते.

दुपारचे तीन. पडदे ओढलेले, लाकडी जमिनीवर गाद्यांच्या रांगा. म्हातारे, तरुण, दोन नर्सा ड्यूटीच्या कपड्यांत, मधोमध औषधवाला सहकुटुंब. सगळ्यांनी बूट दाराशी काढलेले. बाबांनी ती बुटांची रांग बघितली, आणि गुपचूप आपलेही काढले. नवा शर्ट, कोट, पायांत मोजे. असे मंचावर गेले आणि नदीविषयी बोलायला लागले.

दहा मिनिटांत सभागृह झोपलं. तीनशे माणसांचा श्वास एकत्र ऐकलाय का कोणी? खोलीच श्वास घेतेय असं वाटतं. मी आवाजाच्या टेबलामागे हेडफोन लावून उभी. बाबांकडे बघायचं धाडस होईना.

अर्ध्या तासाने ते पाणी प्यायला थांबले. आणि सभागृह हललं.

कोणी कूस बदलली. कोणी डोळे उघडले. पहिल्या रांगेतल्या टक्कलवाल्या गृहस्थांनी मान उचलून मंचाकडे बघितलं, काय झालं असं विचारल्यासारखं. बाबांनी पेला ठेवला. "तर नदी आपलं वळण..." म्हणाले, आणि सगळ्या माना पुन्हा खाली.

बाबा बोलत राहिले, पण आता त्यांची नजर बदलली होती. थोड्या वेळाने पुन्हा थांबले. तहान नव्हती, मी बघत होते. हात टेबलावर, वाक्य अर्धवट. पुन्हा तेच! त्या टोकापासून या टोकापर्यंत चुळबूळ, उघडणारे डोळे, कोणाच्या तरी घशातून 'अं?'. बाबांनी वाक्य पुरं केलं, आणि ती सगळी माणसं पुन्हा शांत झाली. तीनशे माणसं गाढ झोपेत पुढच्या शब्दाची वाट बघत होती!

तिसऱ्यांदा ते थांबले नाहीत. शेवटपर्यंत एकाच लयीत, नदीला समुद्रापर्यंत नेऊन सोडलं.

परत येताना मी गाडी चालवत होते, बाबा शेजारी. सिग्नलला म्हणाले, "वर्गात मी थांबलो की पोरं अशीच दचकून उठायची. मला वाटायचं, तास संपला समजून उठतायत. चिडायचो मी." बाहेर बघत राहिले. "ऐकत होती गं ती."

मी गाडी बाजूला घेतली. दोघंही रडलो. मागे सासूबाई घोरत होत्या. बाबा म्हणाले, "बघ, मी थांबलो तरी ही उठत नाही. हिचं खरंच लक्ष नसतं."

११ ऑगस्ट

दहा वाजता आले. इस्त्रीचा शर्ट. घसा खाकरला. सुरू!

२ ऑक्टोबर

सभासद वाढतच आहेत. बाबांच्या टिपणांचा ढीगही. इतकं कशाला काढता, सातव्या मिनिटापुढे कोणी नसतं, असं नवरा थट्टेत म्हणाला. बाबा म्हणाले, "असतं." आज खंड कसे सरकतात ते सांगितलं. आपली नखं वाढतात साधारण त्या वेगाने! मी दिवसभर स्वतःची बोटं बघतेय.

१८ नोव्हेंबर

झोपेचं अॅप चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला 'थर' विकत हवाय. सगळाच. रक्कम ऐकून नवरा खुर्चीवर बसला. खुर्ची तिथे होती हे नशीब. घराचं कर्ज, सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, सगळं एका फटक्यात.

फोनवरचा मुलगा गोड बोलत होता. "नवे भाग लागणार नाहीत, मॅडम. लोक सात मिनिटांत झोपतात. आहेत तेवढे जन्मभर पुरतील." आणि एक अट. सरांचा आवाज पुन्हा कुठेही रेकॉर्ड करायचा नाही. कोणासाठीही.

१९ नोव्हेंबर

बाबांना सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. ती अटही.

"म्हणजे माझं काम संपलं," म्हणाले.

"तुम्ही नको म्हणालात तर मी नाही विकणार. खरंच नाही."

"आवाज माझा असेल. धंदा तू उभा केलास, मोडक्या माइकवर. विक." मग म्हणाले, "तिकडे काही चुकीचं नाव नको लावायला. 'थर' म्हणजे 'थर'."

इतक्या सहज म्हणाले की मला ते सहन होईना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडला.

२ डिसेंबर

सह्या झाल्या. पैसे आले. सासूबाईंनी डॉक्टरांची वेळ घेतली. मी मागच्या खोलीच्या भिंतीवरच्या गाद्या उतरवल्या, खिडकीचं पांघरूण काढलं. केवढा उजेड येतो तिथे! माइक कपाटात वर ठेवून दिला. दिवसभर कोणाला हिंमत झाली नाही त्या खोलीत पाय टाकायची.

३ डिसेंबर

दहा वाजता मागच्या खोलीतून घसा खाकरल्याचा आवाज. गेले. बाबा उजेडात बसलेले, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टिपणं.

"बाबा, आता रेकॉर्डिंग नाहीये."

"माहीत आहे." कागद जुळवत राहिले. "हिमनद्या राहिल्यात, ज्वालामुखी राहिलेत. या खोलीत एक विद्यार्थी पहिल्या दिवसापासून जागा आहे. त्याचा अभ्यासक्रम अर्ध्यात सोडू? दार लाव. बस."